पुण्याचं स्वस्त पार्सल

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी माझं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यातच एका टेबलावर कुरिअरचं बुकिंग. दिवाळीच्या आधी फराळाची खोकी सुरू झाली की गिऱ्हाईक पार्सल देऊन जातं आणि एखादा किस्साही ठेवून जातं. त्याचं मी बिल लावत नाही. सगळ्या किश्शांचं मूळ एकच. फराळ तर पोहोचला पाहिजे, पण कुरिअरवाल्याला पैसे द्यायला जिवावर येतं.

*

गावंडे काकू टीव्हीच्या खोक्यात चिवडा घेऊन आल्या. मी टेप काढून खोकं मोजायला लागले.

"वजन कर ना माय. मापं कायले घेऊन राह्यली? ब्लाऊज शिवाचं हाय का खोक्याले?"

मी समजावलं, की माल हलका असला तरी ट्रकमध्ये जितकी जागा अडते तितके पैसे लागतात. काकू तणतणत परत गेल्या आणि दुपारी लहानसं खोकं घेऊन आल्या. चकल्या, करंज्या, अनारसे, चिवडा, सगळं त्यातच. झाकण लागत नव्हतं म्हणून वर बसून बंद केलं, असं त्यांनीच कौतुकाने सांगितलं.

आठवड्याने बंगलोरहून मुलाचा फोन आला. "आई, चकलीची भाजणी पोचली. पन सोऱ्या कुठं हाय माह्याजवळ?"

*

नांदगाव खंडेश्वरच्या ढोके भाऊंची मुलगी मुंबईला असते. लाडू फुटू नयेत म्हणून मी त्यांना बबलचं प्लास्टिक दाखवलं.

"इकत कायले घेऊ? घरचा कापूस हाय ना."

आणि खरोखरच त्यांनी लाडवांच्या मधे मधे कापूस ठासून डबा भरला. एकही लाडू फुटला नाही, पण प्रत्येकाला पांढरी दाढी आली. जावयाने न्हाव्यासारखा एकेक लाडू साफ करून खाल्ला म्हणे.

पुढच्या दिवाळीला मुलीचा निरोप आला, "बाबा, लाडू आमी इथंच घेतो. तुमी नुसता कापूस पाठवा, एक उशी बाकी हाय."

*

पण या विषयातले खरे गुरू म्हणजे आमचे वानखडे सर. शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलं, त्यामुळे माझं प्रत्येक बिल ते अजूनही पेपरासारखं तपासतात.

सरांची मुलगी पल्लवी पुण्यात असते. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून सर तिच्याशी बोलत नाहीत आणि तिच्या घरी त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. सरांच्या बायकोचे, म्हणजे वानखडे काकूंचे गुडघे एवढा प्रवास सोसत नाहीत. राहता राहिला दिवाळीचा फराळ. तो पाठवायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं, कारण ते स्वस्तात व्हायला हवं. मुलीचं नाव काढणार नाहीत, पण खोक्यावर तेच नाव ठळक अक्षरात लिहिणार. मला याचं फार वाईट वाटायचं.

पहिल्या दिवाळीला त्यांनी खोकं ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलं. चहापाण्याचे पैसे दिले की डिक्कीत जागा मिळते. फक्त पुण्याबाहेर गाडी थांबते तिथे घेणाऱ्याने पहाटे हजर राहायचं. जावई रिक्षा करून गेला. गाडीला उशीर झाला, रिक्षा थांबवून ठेवावी लागली. रिक्षाचं भाडं कुरिअरच्या वर गेलं, असं काकूंनी सरांना ऐकवलं.

सर म्हणाले, "ते त्याच्या खात्यात. आपले तं वाचले."

*

मग सरांना कोणीतरी सांगितलं, की अकोल्यात एक कुरिअरवाला नुसतं वजन पाहतो, मापं घेतच नाही. सर खोकं मांडीवर घेऊन अकोल्याला गेले आणि बुक करून आले.

दुसऱ्या दिवशी पावती घेऊन माझ्यासमोर हजर. "सुनीता, पाह्य बरं कुठलोक गेलं."

मी मोबाइलवर पाहिलं. त्या कुरिअरचा अकोल्याचा सगळा माल आधी अमरावतीच्या गोदामात यायचा आणि तिथून फुरसतीने पुण्याला जायचा. खोकं आमच्याच गावात येऊन पडलं होतं.

काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "आलंच हाय तं घरी आना त्याले. जेवून जाईन."

*

गेल्या वर्षी सरांनी मुकाट्याने माझ्याकडे बुकिंग केलं. पार्सल पोहोचलं की घेणाऱ्याची सही मोबाइलवर दिसते.

"सही कोनं केली?"

मी दाखवली. पल्लवीची होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि पाहत राहिले. मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याला मी हातानेच थांबवलं.

"घाईत केली," म्हणाले. "दमली असन."

दुसऱ्या दिवशी परत आले. "ते सही अजून दिसते का?"

*

यंदा सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि लालपरीचं तिकीट माफ झालं. लगेच मला सांगायला आले.

"यंदा तुह्यं बुकिंग बंद. खोकं मी सोताच नेतो. फुकटात."

"सर, म्हणजे पल्लवीकडे जाणार?"

"खोकं पोचवाले जातो. दारातून देईन अन् वापस."

खोकं त्यांनीच बांधलं, सुतळीच्या दुहेरी गाठी मारून. सकाळी लवकर निघाले. नंतर काकूंनी केर काढायला घेतला, तर खोकं दाराच्या मागे.

काकू खोकं घेऊन दुकानात आल्या. सर फोन उचलत नव्हते. "ह्या मानसानं जन्मात छत्री नाही विसरली कुठं. आता खाली हातानं तिच्या दारात उभं राहून काय बोलन?"

दुसऱ्या दिवशी काकू परत दुकानात आल्या, तेवढ्यात त्यांना सरांचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला. मागे कुकरची शिट्टी आणि पल्लवीचा आवाज, "बाबा, चहा घ्या."

"खोकं राह्यलं घरी," सर म्हणाले.

"मंग आता?"

"कुरिअरनं पाठव. ते येईलोक मले थांबा लागन. हे दोघं कामाले जातात, घ्याले घरी कोनी पायजे ना."

मी मध्येच म्हटलं, "सर, एक्स्प्रेसने टाकते. उद्या मिळेल."

"एक्स्प्रेस कायले? पैसे वर आले का?" सरांनी चहाचा फुरका मारला. मग म्हणाले, "अकोल्याहून बुक कर."