शटरच्या सेन्सरवरचं कुंकू

बाबांचा उजवा हात लकव्याने गेला, तेव्हा पुण्याच्या दादाने आर्वीच्या आमच्या कापड दुकानाच्या शटरला मोटर बसवून दिली. बाबांना डाव्या हाताने रिमोट दाबून दुकान उघडता-लावता यावं म्हणून. तेवढंही जमलं नाही तर दिवाळीनंतर दुकान भाड्याने द्यायचं, असं तो तेव्हाच म्हणाला होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी शटर खाली येईना. बाबांनी बटन दाबलं की वर पेटीत टक् आवाज व्हायचा, लाल दिवा लुकलुकायचा, आणि शटर जागचं हलायचं नाही. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून त्यांनी मला घरून बोलावलं. मी पोचले तेव्हा शेजारचे भांडीवाले काका कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काऊन भाऊ, मशीनलेही आज सुट्टी पाह्यजे वाटते."

बाबा हसले नाहीत. मला चारचौघांत काही करायला नको वाटतं. मान खाली घालूनच मी पुस्तक वाचलं. रिमोटचे सेल बदलले. वीज होती. मोटर शटरपासून सुटी करायची दोरीही कुणी ओढलेली नव्हती. तोवर काकांनी दोनदा सुचवलं की मेकॅनिक उद्याच येईल, आज रात्री कुणीतरी दुकानात झोपा.

पुस्तकात पुढे सेन्सरबद्दल होतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर ते बसवलेले असतात. त्यांच्यामध्ये काही आलं तर शटर खाली येत नाही. मी वाकून पाहिलं. उजवीकडच्या सेन्सरच्या काचेवर कुंकवाचा जाड थर होता.

सकाळी बाबांनी एकट्याने पूजा केली होती. कात्री, कापड मोजायचा गज, कॅल्क्युलेटर, मग शटर. बोट टेकवायचं होतं चौकटीला. सवय नसलेल्या डाव्या हाताचं बोट सेन्सरपर्यंत खाली घसरलं असणार. लोखंडावर तशी वाळलेली लाल रेघ उमटलेली होती.

पूजेचं कुंकू त्या दिवशी पुसत नाहीत. बाबांना दिसू नये म्हणून मी पाठ आडवी धरली आणि काचेवरचं रुमालाने पुसलं. बाबांना म्हटलं, आता दाबा. शटर सरळ खाली आलं. काका घरी गेले.

"काय झालतं?" बाबांनी विचारलं.

"वायर ढिली होती."

त्यांनी वाकून चौकटीवरच्या लाल रेघेवर डावं बोट टेकवलं.

"माह्याच हातानं झालं ना?"

मला लगेच नाही म्हणता आलं नाही. म्हटलं तेव्हा उशीर झाला होता.

वाटेत लोक सोनं वाटत होते. बाबांनी कुणाचं घेतलं नाही. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाले, "दादाले फोन लाव. भाड्याचं पाह्य म्हणाव."

मी लावला. दादा म्हणाला की माणूस त्याने आधीच पाहून ठेवलाय.