अक्कानं थांबवलेली मोटार

माझी नणंद अक्का अख्ख्या जन्मात एकदाच मोटारीत बसली, आणि गावची मोटार कुठे थांबेल हे त्या एका बसण्यात ठरवून उतरली. एरवी चाक दिसलं की तिच्या पोटात ढवळायचं. बैलगाडीत उलटी, टांग्यात उलटी; आमच्या छोट्या रेल्वेचा तर नुसता धूर पाहून ती लिंबू हुंगायची. म्हणून ती चालायची. घाटंजीला लग्न असलं की वऱ्हाड सकाळी मोटारीने निघायचं आणि अक्का आदल्या दिवशी पहाटे पायी. एकदा वऱ्हाडाची मोटार वाटेत बिघडली. आम्ही ढकलत, घाम पुसत पोचलो, तर ही बाई मांडवात पान लावत बसलेली. नवरदेवाच्या बापाला म्हणते, "काहून वो, इतका उशीर? मोटारीनं आले ना तुमी?" टोमणा मारताना ती कधी हसत नसे.

अशा बाईला म्युनिसिपालटीत घेतलं ते दोन्ही गटांनी मिळून. बाईसाठी एक जागा होती. ही विधवा, चौथी शिकलेली, सांगू तिकडे हात वर करील असं दोघांनाही वाटलं. त्या साली गावात रूळवाले आणि मोटारवाले अशा दोनच जाती उरल्या होत्या. रूळवाल्यांना स्टेशनापासून बाजारातून कचेरीपर्यंत ट्राम हवी होती. नागपूरवाल्यांनी तोंडात बोट घालावं म्हणून. मोटारवाल्यांना नव्या रस्त्याने, मध्ये कुठेही न थांबणारी जलद मोटार हवी होती. मंजुरी एकाच कामाला मिळणार होती. हॉटेलात चहाच्या बश्या फुटल्या, जुळलेल्या दोन सोयरिकी मोडल्या. सभेत मतं सारखी पडली आणि अक्काचा हात खालीच राहिला. मग दोन्हीकडचे पुढारी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "आन जिनातल्या बाया कुठी चढतीन?" रूळवाले म्हणायचे, ट्राम तिकडे जाणार नाही. मोटारवाले म्हणायचे, मोटार जाईल, पण थांबणार नाही.

जिनातल्या बायांत मी होते. नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीपासून कापसाचं जिन दोन कोसांवर. भोंगा वाजला की फाटक बंद, दिवस वाया. आदल्या साली पोटुशी असताना मी भोंगा गाठायला धावले, नाल्यापाशी चिंचेखाली बसले, आणि मूल तिथेच गेलं. अक्का सोबत होती. तिने मला पाठीवर घेऊन घरी आणलं. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आता मला पुन्हा दिवस गेले होते.

मोटारवाल्यांनी सभासदांसाठी नमुन्याची एक फेरी ठेवली. "भावजय संग येईन, माहा लोटा धराले," अक्का म्हणाली आणि लिंबू घेऊन चढली. दवाखाना आला तशी ओरडली, "थांबव रे बाप्पा!" ड्रायव्हर म्हातारा मुसलमान मिस्त्री होता, अक्काला खाला म्हणजे मावशी म्हणायचा. "खाला, ज़रा सब्र करो," म्हणेपर्यंत अध्यक्षांचं नवं धोतर गेलं. बाजाराच्या कोपऱ्यावर दुसऱ्यांदा. तीही उलटी खरी. एव्हाना सगळे सभासद पाय वर घेऊन बसले होते. मग नाला उतरलो, चिंच दिसली, आणि अक्काने माझा हात दाबला. तिचं तोंड कोरडं होतं, डोळे स्वच्छ. "थांबव!" अशी गरजली की मिस्त्री ब्रेकवर उभाच राहिला. ती उतरली, चिंचेखाली क्षणभर उभी राहिली, थेंबही न ओकता परत चढली. जिनाच्या फाटकापाशी पुन्हा तेच.

कचेरीला पोचल्यावर मोटारवाल्यांच्या पुढाऱ्याने ऐटीत घड्याळ काढलं. "पाहा, चारदा थांबूनही टांग्यापेक्षा लवकर आलो!"

अक्काने चूळ भरली. "मंग थांबाले काय हरकत हाय? चार थांबे कागदावर लिवा, तं हात वर करतो मी."

रूळवाला कळवळला. "अक्का, ट्राममध्ये पोट हलतसुद्धा नाही वो!"

"रूळ एकडाव टाकले का कोनाचं आयकत नाही, बाबू. मोटार हात दाखवला का थांबते."

मोटार सुरू झाली तेव्हा मला सातवा लागला होता. नववा भरेपर्यंत मी चिंचेखालून चढून जिनात गेले. मुलगी झाली, धड झाली. अक्का मला चिंचेपर्यंत पोचवायला यायची आणि मोटार हलली की पायी सभेला जायची. मिस्त्री रोज म्हणायचा, "खाला, बैठो ना." ती म्हणायची, "तूच चाल पायी. पोट आत जाईन."

आता चिंच तोडली आहे. ड्रायव्हर नवे आहेत. इथे काहून थांबायचं हे त्यांना ठाऊक नाही, पण थांबतात. बाजार करून मी तिथे उतरते. मागे वळून बघत नाही. अक्का मागे राहणारी बाई नव्हती. पुढे पोचून पान लावत बसली असेल, मला "काहून वो, इतका उशीर?" म्हणायला.