हातमोज्यातल्या पाच शिश्या

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी आरोग्यविम्याच्या फॉर्मवर 'नको' या चौकोनात खूण केली. मला नवव्या वर्षापासून डायबेटिस आहे, रोज इन्सुलिन टोचावं लागतं, आणि तो देश अमेरिका होता.

भिलाईबाहेरच्या माणसांना मी ही गोष्ट सांगत नाही, त्यांना माझी कीव येते. पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरात वाढलेल्यांना मात्र ती लगेच कळेल. औषधाला किंमत असते हे आपल्यापैकी कोणाला माहीत होतं? क्वार्टर प्लांटचं, पाणी प्लांटचं, शाळा प्लांटची. दुखलंखुपलं की बाबांचं मेडिकल बुक घेऊन प्लांटच्या हॉस्पिटलात जायचं, खिडकीतून बुक आत सरकवायचं, शिक्का पडायचा, शिशी मिळायची. इन्सुलिन कुठल्यातरी भट्टीत तयार होऊन पाइपाने इथवर येत असावं, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. त्यामुळे विम्यासाठी दर महिन्याला पगार कापणार म्हटल्यावर मला वाटलं, हे अपघात-ऑपरेशनवाल्यांसाठी असेल. आपल्याला काय झालंय, नुसती शुगर तर आहे.

निघालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. रायपूरच्या विमानतळावर इतर आया लोणच्याच्या बरण्या देत होत्या, माझ्या आईने रुंद तोंडाचा थर्मास दिला. आत बर्फाच्या पिशव्या आणि बाबांना ड्यूटीवर मिळालेले जाड सुती हातमोजे. प्रत्येक बोटात इन्सुलिनची एक शिशी, म्हणजे एका हातमोज्यात पाच. डॉक्टरांनी चार महिन्यांचं लिहून दिलं होतं. बाबा प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क, त्यामुळे त्यांनी विमानतळाच्या दारातसुद्धा बोटं मोजून माल माझ्या ताब्यात दिला. सही तेवढी घेतली नाही.

"थंडं ठेवजो, पण गोठू देऊ नको," आई म्हणाली. "अन् उपाशी राहू नको."

शेजारच्या खोब्रागडे काकूही आल्या होत्या. त्या प्लांटच्या हॉस्पिटलात नर्स. मला पहिल्यांदा सुई धरायला त्यांनीच शिकवलं होतं, संत्र्यावर. माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या पाहून तेव्हा म्हणाल्या होत्या, "संत्र्याले टोचून राहिला तू. त्यानं रडाव, तू कावून रडतं?" विमानतळावर त्यांनी फक्त माझा शर्ट वर करून पोटावरची टोचायची जागा तपासली. चार माणसांत.

ओहायोतल्या ज्या गावात मी उतरलो, तिथेही कधीकाळी पोलाद व्हायचं. आता चिमण्या होत्या, धूर नव्हता. पहिल्या थंडीत मी खिडकीतून त्या बंद चिमण्यांकडे बघत बसायचो, आणि संध्याकाळी सेक्टरावरचं आभाळ भट्टीतला तापलेला मळ, स्लॅग, ओतल्यावर कसं तांबडं व्हायचं ते आठवायचो. लहानपणी मला वाटे, सगळ्याच गावांत सूर्य दोनदा मावळतो.

ऑक्टोबरात दोन्ही हातमोजे रिकामे झाले. मी मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर गेलो. मुलीने आकडा सांगितला. मला वाटलं वर्षभराचा सांगते आहे. तो एका शिशीचा होता, आणि मला दोन तऱ्हेची इन्सुलिनं लागतात. कंपनी लहान, पगार तिच्याहून लहान. भाडं दिल्यावर जे उरायचं, त्यात दोन्ही बसत नव्हती. ऑफिसात विम्याचं विचारलं तर बाईंनी शांतपणे माझा फॉर्म काढून माझीच खूण मला दाखवली. आता नवीन विमा जानेवारीपासून.

मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार निर्णय घेतला. एकेक शिशी विकत घेतली आणि मात्रा अर्धी केली. हिशेब सोपा होता, शिशी दुप्पट दिवस पुरणार. फक्त मी पुरणार का, हा प्रश्न हिशेबात धरायचा राहिला. पोळी बंद केली, भात बंद केला, आणि जिना चढताना मधल्या पायरीवर बसून फोन बघतोय असं दाखवू लागलो.

दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल असायचा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी थंडीचं वर्णन फार रंगवून करत होतो. आईने मध्येच थांबवलं.

"हा तिसरा गिलास आहे पाण्याचा."

"हीटर लावतात ना इथे. घसा सुकतो."

"तू नऊ वर्षांचा होता तवाही असाच पाणी पेत होता. मीटर आण. माह्यासमोर टोच बोट."

टोचलं. आकडा कॅमेऱ्यापुढे धरला. आईने फोन बाबांच्या हातात दिला. तिला फार बोलायचं असलं की ती असंच करते.

बाबांनी चौकशी सुरू केली, ती एखाद्या सप्लायरची करावी तशी. भाव काय? भाव कोण ठरवते? मी तोवर रात्र-रात्र वाचून जरा शहाणा झालो होतो, सांगितलं. बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन. औषध शंभर वर्षं जुनं, पण त्यात थोडाथोडा बदल करून पेटंट नवं करत राहतात. कंपनी आणि विमावाले यांच्यामध्ये आणखी एक दलाल बसलेला. त्याला छापील भावावर सूट हवी असते, म्हणून कंपनी छापील भावच चढवत नेते. विमा आहे त्याच्यासाठी सूट. विमा नाही त्याने छापील भाव मोजायचा.

"अन् ज्यानं हे शोधलं त्यानं किती घेतले?"

"जवळजवळ काहीच नाही. हक्क नाममात्र किमतीत देऊन टाकले होते."

बाबा म्हणजे जन्मभर टेंडरं पाहिलेला माणूस. "तीन पार्ट्या, तिघींचे रेट सारखे, अन् मधी दलाल. आमच्या स्टोअरमधी असं झालं असतं तं व्हिजिलन्स येऊन बसली असती." मग म्हणाले, "म्हणजे हा छापील भाव कोणी देऊन नाही राहिलं. तो फक्त तुह्यासारख्या गधड्यासाठी छापला आहे."

त्यानंतरचा आवाज वेगळा होता. "आजच जा. जे लागते ते तिथूनच घे, पुरी मात्रा घे. पैसे मी पाठवतो. पुढचं मी पाहतो."

त्याच महिन्यात मला पंचवीस पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे मेडिकल बुकातून माझं नाव कटलं. म्हणून बाबा नेहरू नगरच्या एका मेडिकल दुकानात गेले आणि माझं इन्सुलिन जन्मात पहिल्यांदा रोख मोजून विकत घेतलं. आई सांगते, भाव ऐकून त्यांनी दुकानदाराला तीनदा विचारलं, हीच शिशी ना? दुकानदाराला वाटलं घासाघीस करताहेत, त्याने आणखी दहा रुपये कमी केले.

डिसेंबरात खोब्रागडे काकू लेकीच्या बाळंतपणाला आल्या. लेक माझ्यापासून दोन तासांवर, मी भेटायला गेलो. त्यांनी पर्समधून तसाच एक थर्मास काढला, त्यातून बाबांनी भरून दिलेला हातमोजा. माझा चेहरा पाहिला, गालफडं पाहिली, आणि लेकीच्या देखत शर्ट वर केला.

"संत्रं बरं होतं याच्यापेक्षा," त्या लेकीला म्हणाल्या. मग मला जवळ बसवून वरणभात वाढला, आधी सुई टोचायला लावून.

याला आता बरीच वर्षं झाली. तिकडे ओरड होऊन भावही खाली आलेत म्हणे. मी 'म्हणे' म्हणतो, कारण माझा विम्याचा फॉर्म तेव्हापासून दर नोव्हेंबरात भिलाईला जातो. रिटायर झाल्यावर बाबांनी क्वार्टर सोडून नेहरू नगरात घर घेतलं. तिथे ते चष्मा लावून सगळी पानं वाचतात, लाल पेनाने खुणा करतात, आणि मी फक्त सही करतो.

आपल्यातले जे बाहेर गेले ते विचारतात, आता घर कोणतं म्हणायचं? क्वार्टरात दुसरं कुटुंब राहतं, आमच्या पेरूला त्यांचा झोका आहे. नेहरू नगरच्या घरात मी कधी राहिलो नाही, बाथरूमचं बटण अजून चाचपडत शोधतो. पण परवा गेलो तेव्हा पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर दारातल्या कप्प्यात, लिंबांच्या शेजारी, एक हातमोजा उभा. दोन बोटं भरलेली. तारीख संपली की बाबा नव्या शिश्या आणून ठेवतात, इतकी वर्षं, मला न सांगता.

मी फ्रिजचं दार धरून तसाच उभा राहिलो. मग हसत म्हणालो, "बाबा, तिकडे सगळं मिळतं मला आता. येताना मी माझं आणतो. हे कशाला?"

बाबांनी पेपर खाली केला नाही.

"ज्या मशिनीचा भरवसा नसते, तिचे स्पेअर स्टोअरमधी ठेवाच लागते. दार लाव फ्रिजचं."