मोठीबाईचा खूर

एकवीस वर्षं जिराफांचं शेण काढून मावशीचे गुडघे कामातून गेले होते. प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी तिला तिकीटखिडकीवर बसायला खुर्ची कबूल केली होती. अट एकच: मोठीबाईने आधी नवीला पाय द्यायला हवा.

नवी म्हणजे मावशीच्या जागी आलेली मुलगी, आणि मोठीबाई म्हणजे तिथली सगळ्यांत थोरली जिराफ. रानात दिवसभर चालून जिराफाचे खूर झिजतात. इथे ते सपातेसारखे पुढे वाढत. दर पंधरवड्याला कानशीने घासावे लागत. भूल द्यावी, तर एवढी उंच मान कोसळल्यावर ती पुन्हा उठेलच, याची डॉक्टर खात्री देत नव्हते. शुद्धीत घासावेत, तर जिच्या लाथेने सिंह मरतो तिच्यापुढे माणसाची काय कथा! तरी मोठीबाई गजांच्या फटीतून ठोकळ्यावर पाय ठेवी, पण फक्त मावशीसाठी. "माझ्याशिवाय कुणाला देणार नाही," असं मावशीनेच तोऱ्यात जगभर सांगितलं होतं. आता तोच तोरा मानगुटीवर बसला होता.

"पाय दे, बाई," नवी गाजर दाखवत म्हणाली.

मोठीबाईने निळसर काळी हातभर जीभ काढून गाजर उचललं. पाय जागचा हलला नाही.

"खायला आधी, कामाला कधीमधी. अगदी माझी जाऊ," मावशी म्हणाली.

आठवडाभर हेच चाललं. आठव्या दिवशी मावशी थकून स्टुलावर टेकली. टेकताना हात गुडघ्यावर गेला, "आई गं..."

धप्पकन ठोकळ्यावर खूर आला.

दोघी बघतच राहिल्या. इतकी वर्षं खाली बसताना मावशी कण्हायची आणि मग गाजर द्यायची. मोठीबाई तेवढंच शिकली होती. मावशी त्याला माया समजत होती. वाईट वाटून घ्यायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

"तू कण्ह," ती म्हणाली.

"मला कुठे काय दुखतंय?"

"मग मी काय हौसेने कण्हत होते? कण्ह!"

नवीने गुडघा धरला. "आई गं!"

"नाटकात मरतेयस का? जरा पोटातून येऊ दे."

तिसऱ्या खेपेला पाय आला. नवीने कानस चालवली. खुराचा भुगा ठोकळ्यावर पडू लागला.

"मावशी, असं किती वर्षं कण्हायचं?"

"पाच-सहा वर्षं मुद्दाम. पुढे आपोआप येतं."