फुल्यांची अक्षरं

आमची आत्या माझ्या चुलतभावाच्या लग्नाला निघाली आणि भलत्याच लग्नात जेवून आली. लग्नसराईत वडखळ नाक्यावर वऱ्हाडाच्या बसेसची रांग लागलेली असते. प्रत्येकीला पुढे हार, प्रत्येकीतून ‘या, बसा, उशीर होतोय’ असा गलका. आत्या ज्या बसमध्ये चढली ती अलिबागच्या रस्त्याला लागली. मांडवात नवरा-नवरी दोघंही अनोळखी दिसली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. त्या भल्या माणसांनी तिला आग्रहाने वाढलं आणि ब्लाउजपीस देऊन परत नाक्यावर सोडलं. आमच्या पेणच्या घरात हा किस्सा वर्षभर पुरला. सगळ्यांत जास्त हसायचे माझे वडील, तिचे सख्खे भाऊ.

पुढच्या वर्षी माझ्या भावाचं लग्न रोह्याला ठरलं. आत्याच्या खाडीकाठच्या गावी मी आमंत्रण घेऊन गेले, तर ती येत नाही म्हणाली. या वेळी बसवर मोठी पाटी लावू, चुकायचं कामच नाही, अशी मी समजूत काढायला लागले. ती मला द्यायला मिठाची पिशवी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “बस चुकली त्याचं नाय गो. मी आलेली नाय हे जेवणं उठेपर्यंत कुनाला कळलं नाय, त्याचं हाय.”

मी मीठ घेऊन परत आले.

तेव्हा मी रोह्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. कुणीतरी फ्लॉपीवर एक लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमचा संच, आणली होती. तिला शब्द दिला की ती फुल्या-फुल्यांची मोठाली अक्षरं जुळवायची आणि प्रिंटर तो शब्द लांबच लांब कागदावर आडवा छापत बसायचा. पोरांनी आपापली नावं छापून भिंती भरवल्या होत्या. पण तिला येत होतं फक्त इंग्रजी. अक्षरांची फाइल मात्र आपली आपण बनवता यायची, म्हणून मी आलेखाच्या कागदावर चौकोन भरत मराठी अक्षरं काढली. छापलं, तर शिरोरेघ जागोजागी तुटलेली! इंग्रजी अक्षरांमध्ये फट लागते, ती ही बया इमानेइतबारे सोडत होती. माझं डोकं फिरलं. घरी जो समोर येईल त्याच्यावर मी खेकसत होते. शेवटी अक्षरं एकमेकांना चिकटेपर्यंत सरकवायची सोय तिच्यातच सापडली. रेघ सलग आली तेव्हा मी प्रिंटरसमोर एकटीच टाळ्या वाजवत होते.

वडिलांनी कागद नाकाशी धरला आणि हे लाइटबिल कुणाचं म्हणून विचारलं. पेंटरकडून दोन्ही घरांची नावं लिहून घे, असा सल्लाही दिला. पेंटरची पाटी मागे लागेल, पुढे हीच, असं मी ठणकावलं. आत्याला निरोप धाडला की तुझ्यासाठी पाटी केलीय, नुसती बघायला नाक्यावर ये, वाटलं तर गाडीत चढ.

ती आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून एका टपरीच्या सावलीत उभी होती. ड्रायव्हरने बस नेमकी तिच्या पुढ्यात थांबवली. ती पाटीजवळ आली आणि बघतच राहिली, कारण जवळून नुसत्या फुल्या. मी खाली उतरून सांगितलं की हे लांबूनच वाचता येतं, जरा रस्त्यापलीकडे चल.

“मी कशाला जाऊ? गाडी मागं घ्या.”

मागे ट्रकवाले हॉर्न मारत होते, वडील खिडकीतून मुहूर्त, मुहूर्त म्हणून ओरडत होते. ती ढिम्म हलली नाही. ड्रायव्हर हसत हसत बस मागे घेत गेला आणि हळूहळू फुल्यांची अक्षरं झाली. चौथी शिकलेली आत्या ओठ हलवत एकेक अक्षर लावत होती. ‘आत्या, ये.’ एवढंच होतं त्यावर. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मलाही भर रस्त्यात रडू फुटलं. मला ती फार आवडायची.

बस पुन्हा पुढे आली. आत्या चढली. वडिलांनी आपली पुढची जागा सोडली, पण ती बसली नाही. ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभी राहिली आणि पार शेवटच्या सीटपर्यंत एकेक चेहरा बघत गेली. मग तिने विचारलं, “आपलं कुनी राह्यलं तर नाय ना?”

वडील खाली बघत होते.