मासेवालीचं उत्तर आलं नाही

बोर्डीला आमच्या चिकूच्या वाडीत आम्ही पाहुण्यांना राहायला चार खोल्या देतो. मासे चिंचणीची एक मासेवाली कित्येक वर्षं आणून द्यायची. गेल्या वर्षी मला हुशारी सुचली आणि रोजची ऑर्डर पाठवायचं काम मी एआय एजंटवर सोपवलं. बायकोसमोर मिरवलोही. नियम माझाच होता: अर्ध्या तासात उत्तर नाही आलं, तर ऑर्डर दुसऱ्याला. होडी किनाऱ्याला लागायच्या आधी ही बाई मासा कबूल करत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एजंटला तेवढं सांगायचं राहिलं.

पहिल्याच दिवशी ती टोपली घेऊन आली, तेव्हा स्वयंपाकघरात दुसऱ्याचे मासे साफ होत होते. एजंटनं काय केलं, ते मी तिला समजावू लागलो.

"भाऊ, मी आले नाही असं कधी झालंय?" एवढं विचारून ती पाणीही न पिता निघाली.

एजंट बंद करून दुसऱ्या दिवशी मी चिंचणीला गेलो.

"यंत्राला विचारून आलात ना?" ती म्हणाली. पापलेटं निवडून चांगलीच दिली. आमच्या वाडीवर मात्र ती पुन्हा आली नाही.