एलिफंट म्हणजे उंट

हत्तीचा किस्सा कदाचित तुम्ही माझ्याच तोंडून ऐकला असेल. नसेल, तर सिंगापुरातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा – गणपतीच्या जेवणात, ईस्ट कोस्टच्या पिकनिकला, कुणाच्या तरी डोहाळजेवणात मी तो सांगितलेला आहे. रशियन बाई काय म्हणाली, मी काय समजले, आणि माझी पोरगी कशी हरली. लोक पोट धरून हसतात. मी सांगतेच तसा, हातवारे करून. पण त्यातलं खरं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – मंदारला, म्हणजे नवऱ्याला नाही, सांगलीला बाबांनाही नाही. आणि बघा, आज खरं सांगायला बसले तरी सुरुवात किश्श्यापासूनच केली. सवय, दुसरं काय.

तर आधी गालिना मॅडम. माझी मुलगी इरा नऊ वर्षांची होती तेव्हा त्या तिला बुद्धिबळ शिकवायच्या, दर शनिवारी, एका खाजगी अकॅडमीत. उरल पर्वताच्या पलीकडच्या कुठल्याशा गावातल्या. तिथल्या मुलांच्या क्लबात इतकी थंडी की हातमोजे घालून खेळायचे म्हणे. ग्रँडमास्टर होत्या, आणि हे त्या सांगताना एक बोट वर करायच्या – "नो डब्ल्यू!" बायकांसाठी वेगळा, जरा सोपा किताब असतो, त्याच्यापुढे डब्ल्यू लागतो. यांचा तो नव्हे. यांचा पुरुषांना मिळतो तोच. देश फुटला, सरकारी पगार थांबला, मग या बाई जर्मनीपासून स्पेनपर्यंत रेल्वेने फिरून स्पर्धा खेळल्या, स्टेशनांवर झोपल्या. पन्नाशीला टेकल्या तरी खेळत होत्या. दर हिवाळ्यात अकॅडमीतून रजा घेऊन युरोपात जायच्या. एकदा म्हणाल्या होत्या – मी मुलांना शिकवते ते मला खेळता यावं म्हणून, उलट नाही.

हे लक्षात ठेवा. मला ते तेव्हाही माहीत होतं.

त्यांचं इंग्रजी दिव्य होतं. घाईत असल्या की सोंगट्यांची रशियन नावं तशीच इंग्रजीत करून टाकायच्या. आपण ज्याला उंट म्हणतो, तिरका चालणारा, तो त्यांचा एलिफंट. आणि आपला हत्ती, कोपऱ्यात उभा असतो तो, त्यांच्याकडे चक्क बोट. होडी! इरा माझ्या बाबांकडून व्हिडिओ कॉलवर आपली नावं शिकलेली, त्यामुळे तिला भारी मजा वाटायची. आम्ही मायलेकी घरी तेच चिडवत बसायचो – आई, तुझी बोट बुडाली.

मंदार जुरोंग आयलंडला कारखान्यात, त्याच्या शिफ्टा, कंपनीची बस. म्हणून शनिवारी इराला न्यायचं काम माझं. मी मागच्या बाकावर बसायचे. बसायचे कसली, प्रत्येक चाल बघायचे. कारण मीही खेळायचे ना! सांगलीत शाळेत असताना जिल्ह्याच्या संघात होते. मग बारावी आली, कॉमर्स, सीए, बँक – आणि पट माळ्यावर गेला. कुणी बळजबरी केली नाही, मीच ठेवला. एकदा क्लास सुटल्यावर इराला एक चाल दाखवत होते, तर गालिना मॅडम माझ्या हाताकडे बघत उभ्या. "यू प्लेयर?" मी म्हटलं, होते पूर्वी. बाई मान हलवून म्हणाल्या, "वॉज – देअर इज नो वॉज. प्लेयर ऑर नॉट प्लेयर."

काय लागलं ते मला! घरी येऊन भांडी आपटली. इरा माझं चेसमधलं काही ऐकायचीच नाही. मी काही सांगितलं की, "बट टीचर सेड..." पोटच्या पोरीला माझ्यापेक्षा त्या बाईचं खरं. हे मी आता सरळ म्हणते. तेव्हा स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी शेजारच्या देशातल्या वणव्यांच्या धुरामुळे – इथे त्याला हेझ म्हणतात – शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. हेझ ओसरला आणि लगेच मुलांच्या संघाची निवड स्पर्धा आली, कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. इरा झकास खेळली. शेवटचा डाव जिंकला की संघात. आणि नेमक्या गालिना मॅडम यिशुनला त्यांच्या भाड्याच्या खोलीत तापाने फणफणलेल्या. डेंगी. शेवटच्या डावाआधी जेवायची सुट्टी होती, इरा हात धुवायला गेलेली, तेवढ्यात माझ्या फोनवर त्यांचा कॉल. आवाज पार खोल गेलेला. समोरची मुलगी कोण ते त्यांना ठाऊक होतं, तिचा डाव ठाऊक होता. ती मधेच स्वतःचा हत्ती आणून मुद्दाम तुमच्या उंटापुढे ठेवते – खा म्हणून.

किश्श्यात मी पुढे असं सांगते – बाई म्हणाली, "टेल इरा, एलिफंट नॉट गिव्ह." मी इराला मराठीत सांगितलं, हत्ती सोडू नकोस गं. आणि पोरीने हत्तीच्या नादात उंट घालवला, राजा उघडा पडला, खेळ खलास. हशा.

पण बाई एवढंच म्हणाली नव्हती. ती म्हणाली, "एलिफंट नॉट गिव्ह. इव्हन फॉर बोट."

किश्श्यात बोट नाही, लक्षात आलं का? मी ती काढून टाकली. बोट म्हणजे हत्ती, मग एलिफंट हत्ती कसा असेल? घोटाळा व्हायला जागाच नव्हती. समोरची हत्ती देईल, तरी उंट देऊ नकोस – स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी, तापात. आणि मला ते स्वच्छ कळलं होतं.

मग मी इराला उलटंच का सांगितलं? मला वाटलं, काहीतरीच काय! उंटाच्या बदल्यात हत्ती मिळतोय तर सांगलीतलं शेंबडं पोरही घेईल. आम्ही घेतच आलो. बाईला तापात सुचत नसेल. की – थांबा, खरं सांगते – एकदा, फक्त एकदा, माझं डोकं चालावं आणि माझ्या पोरीने जिंकावं असं वाटलं? हेच असणार. पण माझं म्हणून सांगितलं असतं तर इराने ऐकलं नसतं. इरा हात पुसत आली. मी म्हटलं, "टीचरचा फोन होता. समोरची हत्ती देईल, तर घे. उंट गेला तर जाऊ दे." इराने विचारलं, "शुअर? टीचर सेड?" मी म्हटलं, हो.

इराने हत्ती घेतला आणि हरली.

बाहेर आली ती हुंदके देत. बाकीच्या आया भोवती जमल्या, काय झालं, कशी हरली. इरा रडत म्हणाली, टीचरने सांगितलं होतं तेच केलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिथे, त्या क्षणी, एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. ते न बोलता मी दुसरं बोलले – "अहो, बाई एलिफंट म्हणाली, आता मला काय माहीत!" किस्सा तिथे जन्मला. एवढ्यावर तरी थांबायचं! पण रागाचं सोंग नीट वठवायला हवं ना. संध्याकाळी मी अकॅडमीच्या मालकांना, मिस्टर लिमना, फोन करून वाट्टेल ते बोलले.

त्यांनी आम्हाला बोलावलं. मी, इरा, गालिना मॅडम. ताप नुकताच उतरलेला, गळ्याची हाडं दिसत होती त्यांची. त्यांच्या इंग्रजीवर आधीच दोन-तीन पालक कुरकुरत होते. लिमनी मला विचारलं, फोनवर काय म्हणाल्या? मी म्हटलं, एलिफंट. आमच्या भाषेत एलिफंट म्हणजे रूक. मॅडम लगेच म्हणाल्या, हिला माहीत आहे. ही दर शनिवारी मागे बसते, माझ्या एलिफंटला हसते. शी इज प्लेयर.

लिमनी माझ्याकडे बघितलं. "यू प्ले चेस?"

मी म्हटलं, "नो. आय डोन्ट नो चेस."

इतक्या सहज आलं हो तोंडातून. जिल्ह्याच्या संघातली मी. शेजारी इरा बसलेली होती. आजोबांनी तिला माझे कप दाखवले होते, व्हिडिओवर, एकेक पुसून. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. गालिना मॅडम भांडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "ओके. नॉट प्लेयर."

अकॅडमीने त्यांच्या नोकरीच्या पासचं नूतनीकरण केलं नाही. नोकरी नाही तर पास नाही, पास नाही तर सिंगापूर नाही – आमच्यासारख्यांना हे समजावून सांगावं लागतं का? त्या जायच्या आधी एका शनिवारी मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यिशुनला गेले. त्यांच्या ब्लॉकपर्यंत चालत गेले. खालच्या कॉफी शॉपमध्ये बसून एक कोपी – इथली कॉफी – प्यायले, वरच्या खिडक्या बघितल्या, आणि परत आले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे गेले होते.

स्पर्धांचे डाव हल्ली सगळे इंटरनेटवर मिळतात. मी त्यांचं नाव टाकून बघते, अजूनही. पोरवयापासूनचे डाव आहेत, पानंच्या पानं. त्या वर्षानंतर एकही नाही. कुठे आहेत, काय करतात, ठाऊक नाही. मला एवढंच कळतं की त्या खेळत नाहीत. आणि त्यातल्याच एका डावात – त्यांच्या तरुणपणीच्या – समोरच्याने उंटापुढे हत्ती आणून ठेवलाय, आणि त्यांनी तो घेतलेला नाही. उंट जागच्या जागी ठेवून जिंकल्यात. मी तो डाव पटावर मांडून पुन्हा पुन्हा बघितला. बरोबर होतं त्यांचं. शंभर टक्के बरोबर होतं.

इराने त्या संघासाठी पुन्हा प्रयत्न केला नाही. हळूहळू क्लास सुटला. हरली म्हणून सोडलं, असं मी सांगत आले.

परवा आमच्याकडे चार लोक जेवायला होते. नवीन कुटुंब, पुण्याहून आलेलं, त्यांच्या मुलाला चेसचं वेड. झालं, मी हत्तीचा किस्सा सुरू केला. सगळे हसले. त्या मुलाच्या आईने कौतुकाने इराला विचारलं, मग अजून खेळतेस की नाही? इरा आता मोठी झालीय, आपल्याच नादात असते. तिने फोनमधून डोकं वर काढलं.

"नो लाह, आंटी," ती म्हणाली. मग मराठीत, माझ्याकडे बघत, अगदी शांतपणे – "आम्हाला दोघींनाही चेस येत नाही."

आणि उठून आत गेली. पाहुणे पुन्हा हसले. मीही हसले, आणि चहा टाकायला उठले.